एका एक्सॉनवरची पीएचडी: नोंदणीपासून व्हायवापर्यंत

२ जून २०२५ ला माझा पीएचडीचा व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, झाला. जिवंत पेशीत आरएनए कुठे कापायचा आणि कुठे जोडायचा हे प्रथिनं कशी ठरवतात, हा माझा विषय. गेली दोनेक वर्षं एमएस्सी करणाऱ्या मुलामुलींचे मेसेज येत राहिले. "ताई, आरएनएवर काम करायचंय, पण मिनीजीन म्हणजे काय इथपासूनच अडतंय," असे. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तरं दिली. आता सगळं एका जागी, घडलं त्या क्रमाने लिहिते आहे, कागदपत्रांच्या कटकटीसह, कारण निम्मा वेळ त्यातच जातो आणि ते आधी कुणी सांगत नाही.

आधी विषय. जनुकाची आरएनए प्रत निघते तेव्हा तिच्यात उपयोगाचे तुकडे, म्हणजे एक्सॉन, आणि त्यांच्या मधले काढून टाकायचे तुकडे, म्हणजे इंट्रॉन, असे दोन्ही असतात. इंट्रॉन काढून एक्सॉन जोडायची क्रिया म्हणजे स्प्लायसिंग. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी १९७७ मध्ये हे तुटक जनुक दाखवले, १९९३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. माणसात एक्सॉन साधारण दीडशे अक्षरांचा (अक्षरं म्हणजे आरएनएचे ए, सी, जी, यू हे घटक; डीएनएत यूच्या जागी टी) आणि इंट्रॉन हजारो अक्षरांचे. बहुतेक इंट्रॉन 'जीयू'ने सुरू होतात आणि 'एजी'ने संपतात. पण जीयू आणि एजी आरएनएवर जागोजागी असतात, त्यातली खरी जागा कोणती हे पेशीला ओळखावं लागतं. सुरुवातीची जागा यू१ नावाचा आरएनए-प्रथिनांचा संच ओळखतो, शेवटची जागा यू२एएफ. एवढ्यावर भागत नाही. आसपासच्या अक्षरांवर एसआर प्रथिनं बसली तर ती या संचांना जवळ ओढतात, एचएनआरएनपी गटातली प्रथिनं बसली तर बहुतेक वेळा वाट अडते.

हे सगळं मी एमएस्सीला पाठ केलं होतं. प्रवेशपरीक्षेच्या मुलाखतीत मॅडमनी (माझ्या गाइड) एकच प्रश्न विचारला, "हे पेशीत खरंच असं चालतं हे तू कसं दाखवशील?" मला उत्तर सुचलं नाही. पुढची सहा वर्षं तोच प्रश्न माझा झाला.

ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्यातल्या एका संस्थेत रुजू झाले. तेव्हा जेआरएफ, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांची संशोधन फेलोशिप, महिना ३१,००० रुपये, घरभाडं भत्ता वेगळा, आणि किरकोळ खर्चासाठी वर्षाला २०,०००. सुरुवातीचे पैसे हातात पडायला बरेच महिने लागतात. रुजू होण्याचा अहवाल, बँकेचा फॉर्म, गाइडची सही, संस्थेचा शिक्का, यातला एक कागद मागे राहिला की सगळं थांबतं. घरून निघताना निदान चार महिन्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करून निघा. माझ्या बाबांनी एक एफडी मोडली, तेव्हा कुठे डेक्कनजवळच्या खोलीचं डिपॉझिट भरता आलं.

पहिलं सत्र कोर्सवर्कमध्ये गेलं. त्याच काळात विषय पक्का झाला: एसएमएन जनुकाचा एक्सॉन ७. स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी, म्हणजे एसएमए, हा स्नायू दुबळे करत जाणारा आजार असलेल्या मुलांमध्ये एसएमएन१ हे जनुक निकामी झालेलं असतं. त्याचं जवळजवळ जुळं भावंड एसएमएन२ शाबूत असतं, पण त्याच्या एक्सॉन ७ मध्ये सहाव्या जागी 'सी'ऐवजी 'टी' आहे. या बदलाने प्रथिनातलं अमिनो आम्ल बदलत नाही. तरीही त्यापायी बहुतेक आरएनएमधून ५४ अक्षरांचा एक्सॉन ७ गळतो आणि तयार होणारं प्रथिन टिकत नाही. एका अक्षराचा हा परिणाम १९९९ मध्ये दाखवला गेला, आणि मग वाद सुरू झाला. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरमधल्या एड्रियन क्रेनर यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये मांडलं की या बदलामुळे एसआरएसएफ१ या एसआर प्रथिनाची बसायची जागा मोडते. पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातल्या जेम्स मॅनली यांच्या गटाने मांडलं की त्याच बदलामुळे एचएनआरएनपी ए१ ला बसायला नवी जागा मिळते. मदत करणारा गेला की अडवणारा आला? दोन्ही बाजूंनी पुरावे येत राहिले. मी दोन्हीकडचे लेख वाचले तेव्हा दोन्ही खरे वाटले, आणि म्हणूनच हा विषय घ्यावासा वाटला.

मिनीजीन म्हणजे या जनुकाचा छोटा, प्लास्मिडमध्ये (पेशीत घालता येणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात) बसवलेला नमुना: एक्सॉन ६, ७, ८ आणि मधले इंट्रॉन, त्यांतला लांबलचक असलेला इंट्रॉन ६ कापून आखूड केलेला. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने बनवलेले एसएमएन१ आणि एसएमएन२ चे असे मिनीजीन अॅडजीन या प्लास्मिड साठवून वाटणाऱ्या संस्थेकडे मिळतात. प्लास्मिडची किंमत फार नाही, प्रत्येकी शंभर डॉलरच्या आतबाहेर. वेळ जातो तो कागदांत. साहित्य हस्तांतरणाच्या करारावर विद्यार्थ्याची किंवा गाइडची सही चालत नाही, संस्थेने अधिकार दिलेल्या व्यक्तीचीच लागते. त्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, म्हणजे आयबीएससीची, मंजुरी हवी. ही समिती वर्षातून किमान दोनदा बसते, आणि बऱ्याच ठिकाणी दोनदाच बसते. बैठक हुकली की सहा महिने गेले. म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच पुढची बैठक कधी आहे ते विचारून ठेवा. अर्जात कोणत्या पेशी, कोणता प्लास्मिड, कचरा कसा नष्ट करणार, हे सगळं लागतं. आमच्याकडच्या एका सीनिअरने त्याच्या जुन्या अर्जाची प्रत दिली होती, तिच्यावरून माझं काम दोन दिवसांत झालं.

पेशींसाठी कुठे लांब जावं लागलं नाही. विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, आहे आणि तिथला पेशीसंग्रह देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतो. हेक-२९३ या प्रयोगशाळेत वाढवायच्या मानवी पेशींचा फ्लास्क मी स्वतः जाऊन आणला, मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून, तो थर्मोकोलचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून. पेशी आल्या की आधी त्यांना वाढवून बऱ्याच कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवा, मायकोप्लाझ्मा या पेशींत लपून वाढणाऱ्या जीवाणूची तपासणी करा, आणि मगच प्रयोगाला हात घाला.

ते गोठवणं किती मोलाचं होतं ते मार्च २०२० मध्ये कळलं. टाळेबंदी लागली, मी गावी अडकले, इन्क्युबेटरमधल्या पेशी टाकून द्याव्या लागल्या. संस्थेतल्या दोन कर्मचाऱ्यांनी पास काढून दर आठवड्याला नायट्रोजनची टाकी भरली. त्यांच्यामुळे आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या पेशी वाचल्या. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिली नावं त्यांची आहेत.

खरं काम २०२१ मध्ये सुरू झालं. पद्धत सांगायला सोपी आहे. पेशी लावायच्या, दुसऱ्या दिवशी मिनीजीन आत सोडायचं, आणखी एक-दोन दिवसांनी आरएनए काढायचा, त्याचा सीडीएनए, म्हणजे डीएनएतली प्रत, करून पीसीआरने तिच्या असंख्य प्रती काढायच्या आणि जेलवर लांबीप्रमाणे वेगळ्या करून बघायच्या. दोन बँड, म्हणजे पट्टे, येतात. वरचा एक्सॉन ७ असलेला, खालचा ५४ अक्षरांनी आखूड. एसएमएन१ मध्ये वरचा ठळक, एसएमएन२ मध्ये खालचा.

प्रोटोकॉलमध्ये एका ओळीत उरकलेल्या आणि मला महिने खाणाऱ्या गोष्टी इथे सविस्तर सांगते. पेशीचं स्वतःचं एसएमएन जनुकही तोच आरएनए बनवत असतं. त्यामुळे एक प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो तो डीएनएचा छोटा तुकडा) प्लास्मिडच्या भागावर हवा, तरच फक्त मिनीजीनचा आरएनए दिसतो. पेशीत घातलेला प्लास्मिड आरएनएसोबत वाहत येतो, म्हणून डीएनए तोडणारं डीएनेझ नीट द्यायचं आणि सीडीएनए बनवणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक नळी प्रत्येक वेळी सोबत चालवायची. त्या नळीच्या रकान्यात काही दिसलं तर तो दिवस मोजणीत धरायचा नाही. पीसीआरची आवर्तनं कमी ठेवायची, कारण आखूड तुकडा लवकर वाढतो आणि आवर्तनं वाढवली की दोन बँडचं प्रमाण खोटं दिसायला लागतं. माझ्या हातात बावीस-तेवीसला काटा बरोबर बसला. तुम्हाला तुमचा आकडा स्वतः शोधावा लागेल. त्यासाठी दोन्ही तुकड्यांचे प्लास्मिड माहीत असलेल्या प्रमाणात मिसळा आणि तेच प्रमाण जेलवर परत मिळतं का ते बघा.

आणि तो तिसरा बँड. २०२१ च्या पावसाळ्यात माझ्या जेलवर दोन्ही बँडच्या वर एक फिकट तिसरा बँड दिसू लागला. इंट्रॉनचा एखादा तुकडा राहून गेलाय का, कुठली नवीच स्प्लाइस-जागा वापरली गेलीय का, या विचारांनी झोप उडाली. मॅडमनी जेलचा फोटो दिव्याखाली धरून पाहिला आणि विचारलं, "हा बँड दोन्ही खालचे बँड सारखे असतात तेव्हाच गडद होतो का गं?" होता. तो हेटेरोड्युप्लेक्स होता. पीसीआरच्या शेवटी लांब आणि आखूड धागे एकमेकांना चिकटतात, मधली ५४ अक्षरं फुगवटा होऊन बाहेर राहतात, आणि असा वाकडा रेणू जेलमध्ये हळू सरकतो. मिश्रण पातळ करून ताज्या प्रायमरसह एकच आवर्तन दिलं की तो नाहीसा होतो. तुमच्या जेलवर असा बँड दिसला तर सीक्वेन्सिंगचे पैसे खर्च करण्याआधी हे करून बघा.

मोजणी अचूक हवी म्हणून पूर्वी किरणोत्सारी फॉस्फरस-३२ वापरत. आमच्याकडेही जुनी खोली होती. पण त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, सुरक्षा अधिकारी, अंगावर लावायचे बॅज, हे सगळं लागतं, आणि त्या फॉस्फरसचं अर्धायुष्य जेमतेम १४ दिवस, म्हणजे मालाला उशीर झाला की तो निम्मा वाया गेलेला. मी चमकणारा रंग लावलेला प्रायमर घेतला. माझ्या मते आज नव्याने सुरू करणाऱ्याने तेच करावं.

पुढचा टप्पा प्रथिनांचा. एखादं प्रथिन खरंच ठरवतं का हे बघायचं तर ते कमी करायचं आणि बँड हलतात का ते बघायचं. त्यासाठी एसआयआरएनए, म्हणजे ठरावीक प्रथिनाचा आरएनए नष्ट करवणारे छोटे आरएनए, लागतात. एकाचा भाव तीस-चाळीस हजार, ते पेशीत सोडायचं रसायन पन्नास हजारांच्या आसपास. तेव्हाच्या नियमांनुसार २५,००० च्या वरची खरेदी कोटेशनशिवाय होत नव्हती. शिवाय ती वस्तू जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर मिळत नाही असा अहवाल काढून फाइलला जोडायचा. इंडेंट (मागणीपत्र), अहवाल, तीन कोटेशनं किंवा एकाच पुरवठादाराचं प्रमाणपत्र, खरेदी समितीच्या सह्या. मग परदेशातून कोरड्या बर्फात माल येणार, तोही शुक्रवारी मुंबईत उतरला तर सोमवारपर्यंत तिथेच. माझं एक पार्सल असंच बर्फ उडून गेलेल्या अवस्थेत आलं. पुरवठादाराने बदलून दिलं, पण उघडतानाचे फोटो काढून ठेवले होते म्हणून. पार्सल फोडताना मोबाइल हातात ठेवत जा. ऑर्डर देतानाच "सोमवारी पाठवा" असं लिहून द्यायची सवयही मला तेव्हाच लागली.

२०२२ चं वर्ष जड गेलं. एचएनआरएनपी ए१ चांगला ऐंशी टक्के कमी झाला, प्रथिन किती उरलंय ते दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर स्पष्ट दिसत होतं, आणि एसएमएन२ चे बँड जागचे हलेनात. आई फोनवर विचारायची, "आलं का गं उत्तर?" मी विषय बदलायचे. संध्याकाळी लॅबमधून निघून विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर नुसती बसून राहायचे. याच काळात आमच्या बॅचचे दोघे सोडून गेले, एकजण बँकेत लागला. सोडणं हाही रास्त निर्णय असतो, हे मी तेव्हाही मानत होते.

उत्तर असं होतं की ए१ चा सख्खा भाऊ ए२ पेशीत भरपूर असतो आणि तो ए१ ची जागा भरून काढतो. दोघांना एकत्र कमी केल्यावर एसएमएन२ चा वरचा बँड चढला. जेल स्कॅनरच्या पडद्यावर तो उमटताना मी एकटीच होते, रात्रीचे नऊ वाजून गेले होते. मी मॅडमना फोटो पाठवला आणि त्यांचा लगेच फोन आला: "उद्या परत कर. आणि दुसऱ्या एसआयआरएनएने कर." एका प्रथिनासाठी निदान दोन वेगवेगळे एसआयआरएनए हवेत, नाहीतर परिणाम त्या प्रथिनाचा की भलत्याच आरएनएवरच्या माऱ्याचा हे सांगता येत नाही. व्हायवात पहिला प्रश्न हाच आला.

एसआरएसएफ१ ची तऱ्हा वेगळी. ते फार कमी केलं, फार वेळ कमी ठेवलं, की पेशी मरायला लागतात आणि मरणाऱ्या पेशीत सगळंच स्प्लायसिंग बिघडतं. त्यामुळे अठ्ठेचाळीस तासांच्या आत काम उरकावं लागतं. शिवाय ही प्रथिनं स्वतःचं प्रमाण स्वतःच सांभाळतात. बाहेरून एसआरएसएफ१ जास्त घातलं की पेशी आपलं स्वतःचं एसआरएसएफ१ कमी करते. परीक्षानळीत एक प्रथिन घालता-काढता येतं, पेशीत एकाला हात लावला की शेजारचे चार हलतात. म्हणून प्रत्येक प्रयोगात शेजारच्या प्रथिनांचाही ब्लॉट करायचा, कंटाळा आला तरी.

माझ्या प्रबंधाचा गाभा २०२३ मध्ये हाती आला. एक्सॉन ७ चं शेवटचं, म्हणजे ५४ वं अक्षर 'ए' आहे. तिथे 'जी' केलं की यू१ ला बसायची जागा बळकट होते आणि एसएमएन२ मध्येही एक्सॉन ७ जवळजवळ पूर्ण टिकतो. रवींद्र सिंह आणि सहकाऱ्यांनी हे २००४ मध्येच दाखवलं होतं. मी त्याच बदलावर प्रथिनं कमी-जास्त करून पाहिली. जागा बळकट असेल तर ए१-ए२ काढा किंवा एसआरएसएफ१ काढा, बँड फारसे हलत नाहीत. जागा दुबळी ठेवली की तीच प्रथिनं निकाल फिरवतात. मदत करणारा गेला की अडवणारा आला या वादात मला दोघांचंही म्हणणं का खरं वाटलं होतं ते इथे उमगलं. जागा काठावर असते तिथे दोघांचंही चालतं, आणि किती चालतं हे त्या पेशीत कोण किती आहे यावर ठरतं. यात मी लावलेला मोठा शोध काही नाही, क्षेत्रातल्या लोकांना हे ढोबळपणे माहीत होतं. एकाच पेशीत, एकाच मोजणीत, दोन्ही बाजू शेजारी ठेवून आकडे दिले, एवढं माझं काम.

खात्रीसाठी एक प्रयोग नेहमी सोबत ठेवला. इंट्रॉन ७ मध्ये आयएसएस-एन१ नावाची अडवणारी जागा आहे, २००६ मध्ये सापडलेली. तिच्यावर जुळणारा छोटा कृत्रिम धागा बसवला की एचएनआरएनपीला तिथे बसता येत नाही आणि एक्सॉन ७ परत येतो. एसएमएवरचं नुसिनर्सेन हे औषध याच जागेवर बसणारा १८ अक्षरांचा धागा आहे, अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. हा धागा घातलेल्या रकान्यात खालचा बँड जवळपास पुसला जातो. प्रयोग फसल्याची शंका आली की मी आधी तो रकाना बघायचे. आपल्याकडे एसएमएच्या मुलांच्या औषधासाठी वर्गणी गोळा करणारे मेसेज सगळ्यांनी पाहिले आहेत. ते फोनवर यायचे तेव्हा मला त्या पुसल्या गेलेल्या बँडची आठवण व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी लॅबला जाणं सोपं व्हायचं.

जानेवारी २०२३ पासून फेलोशिपचे दर वाढले आणि एसआरएफ, म्हणजे जेआरएफच्या पुढची फेलोशिप, ४२,००० झाली. पण मुदत पाच वर्षांची. माझी ऑगस्ट २०२४ ला संपली, तेव्हा प्रबंध अर्धा लिहून झाला होता. पुढचे महिने एका महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेतले. ते पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, सत्र संपल्यावर येतात. चौथ्या वर्षापासून दरमहा थोडी शिल्लक टाकाच.

माझी नोंदणी यूजीसीच्या २०१६ च्या नियमांखालची, त्यामुळे एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ च्या नियमांत ही सक्ती गेली. तुमच्या नोंदणीच्या पत्रावर कोणते नियम लिहिलेत ते बघून घ्या, कार्यालयात दर खिडकीवर वेगळं उत्तर मिळतं. सहामाही प्रगती अहवालांच्या सह्या केलेल्या प्रती स्वतःजवळ ठेवा, प्रबंध जमा करताना सगळ्या मागतात आणि सही करणारा समितीतला जुना सभासद तोवर बदलून गेलेला असतो. साहित्यचौर्य तपासणीत साम्य १० टक्क्यांच्या आत हवं. पद्धतींच्या प्रकरणात ते हमखास चढतं, तिथली वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहायला आठवडा राखून ठेवा.

डिसेंबरमध्ये पूर्व-सादरीकरण झालं, जानेवारी २०२५ च्या शेवटी प्रबंध जमा केला. परीक्षकांचे अहवाल यायला एप्रिल उजाडला. या काळात करण्यासारखं काही नसतं आणि तेच सर्वांत जड जातं. मी दर पंधरा दिवसांनी विभागात एक नम्र ईमेल टाकत राहिले, त्याने फाइल एका टेबलावर फार काळ पडून राहिली नाही.

व्हायवा दीड तास चालला. बाहेरून आलेल्या सरांनी दुसऱ्या एसआयआरएनएबद्दल विचारलं, मग तिसऱ्या बँडबद्दल, मग म्हणाले, "मिनीजीनमध्ये इंट्रॉन आखूड केलाय. खऱ्या जनुकात हेच होईल कशावरून?" पेशीच्या स्वतःच्या एसएमएन२ वर केलेली मोजणी परिशिष्टात होती, तिथला बदल लहान होता पण दिशा तीच. ते पान मी उघडून दाखवलं. आई-बाबा मागच्या रांगेत बसले होते. व्हायवा खुला असतो, घरच्यांना जरूर बोलवा.

त्यानंतरही कागद उरतात. परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करून अंतिम प्रत, तिची पीडीएफ शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी, ग्रंथालय, वसतिगृह आणि स्टोअरचं ना-हरकत प्रमाणपत्र, मग तात्पुरतं प्रमाणपत्र. शोधनिबंध अजून छापून यायचा असेल तर प्रबंध काही काळ बंद ठेवायची विनंती प्रत जमा करतानाच करावी लागते. प्लास्मिड आणि गोठवलेल्या कुप्यांची यादी डब्याचा नंबर, तारीख आणि पॅसेजसह (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्या तो आकडा) लॅबच्या वहीत लिहून द्या. करारानुसार ते प्लास्मिड परस्पर दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. कुणी मागितले तर त्यांना अॅडजीनकडूनच मागवायला सांगा आणि आयबीएससीच्या पुढच्या बैठकीची तारीख आजच विचारायला सांगा.